पोवळ्यांचे ऊन कसे मोजावे?

यवतमाळहून कोणत्याही दिशेने निघालो तरी समुद्र गाठावयास हवाई रेषेत सुमारे साडेपाचशे किलोमीटर जावे लागते. आपल्याकडे पोवळे म्हटले की सराफाच्या पेटीतला तांबडा मणी डोळ्यांपुढे येतो. फार तर पंचांगातला मंगळ आठवतो. अशा गावात, घरातील काचेच्या टाकीत समुद्राचे खारे पाणी सिद्ध करून जिवंत पोवळी कशी सांभाळतात आणि त्यांच्यावर पडणारा प्रकाश कसा मोजतात, हा विषय कशासाठी, असे कोणी विचारले तर त्यात वावगे काही नाही.

या प्रश्नाला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की समुद्र आपल्याला वाटतो तितका परका नाही. वणी-मुकुटबनच्या बाजूला जी चुनखडी खणून काढतात, ती पैनगंगेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिप्राचीन खडकांतील आहे. ती समुद्राच्या तळाशी साचली, आणि तेही अशा काळी, की पोवळीच काय, कोणताही मोठा प्राणी पृथ्वीवर अवतरला नव्हता. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. पोवळ्याला जे लागते तेच आपल्या पऱ्हाटीला लागते, आणि ते म्हणजे ऊन. किती ऊन पडले हे डोळ्यांना कळते, अशी आपली ठाम समजूत असते. ती किती फसवी आहे, हे समजण्यास पोवळ्याच्या टाकीसारखे उत्तम साधन दुसरे नाही. पऱ्हाटीवर ढगाळ दिवस गेले तर ती सावरते. टाकीतल्या पोवळ्याला चुकीचा प्रकाश काही आठवडे मिळाला तर ते मरते.

प्रथम पोवळे म्हणजे काय ते पाहू. ते ना दगड, ना वनस्पती. तो प्राणी आहे. किंबहुना शेकडो लहान प्राण्यांची वसाहत आहे. प्रत्येक प्राणी नळीसारखा असतो, त्याला एक तोंड आणि तोंडाभोवती मऊ शुंडके असतात. तो आपल्या बुडाशी चुन्याचा सांगाडा रचीत जातो. परंतु खरे नवल पुढेच आहे. उथळ समुद्रातील बहुतेक पोवळ्यांच्या शरीरात झूझॅन्थेली नावाचे सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखे राहते. घरमालक त्याला आसरा देतो, आणि भाडेकरू उन्हावर साखर तयार करून भाडे चुकवितो. कित्येक जातींत पोवळ्याच्या गरजेची नव्वद टक्क्यांपर्यंत शक्ती या भाड्यातूनच येते. म्हणून अशा पोवळ्याला ऊन कमी पडणे म्हणजे उपासमारच होय.

आता कोणी म्हणेल, मग भरपूर प्रकाश द्यावा, म्हणजे झाले! येथेच घोटाळा होतो. प्रकाश वाढत गेला की शैवालाचे काम आधी त्याच प्रमाणात वाढते, पुढे मंदावते आणि एका मर्यादेनंतर वाढेनासे होते. त्याही पलीकडे प्रकाश वाढविला तर जादा शक्तीचा निचरा होत नाही. पेशींत प्राणवायूची घातक रूपे तयार होतात आणि पोवळे आपल्या भाडेकरूंना घराबाहेर काढते. शैवालाबरोबर रंगही जातो, आणि पारदर्शक मांसातून चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच पोवळ्यांचे विरंजन म्हणतात. पाणी तापले की हे अधिक लवकर घडते. समुद्रात नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जरी काही आठवडे अधिक तापले, तरी विरंजन सुरू होते. भारताच्या समुद्रात 1998, 2010 आणि 2016 या वर्षी ते मोठ्या प्रमाणावर दिसून आले.

सराफाचे तांबडे पोवळे मात्र निराळे. ते मुख्यतः भूमध्य समुद्रात अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढते. त्याच्या अंगात हे शैवाल नसते आणि त्याला उन्हाची गरज नसते. नावावरून गरज ठरवू नये, हा पहिला धडा येथेच मिळतो.

मग डोळ्यांनी पाहून प्रकाश का ठरवू नये? कारण आपला डोळा हे मापाचे यंत्र नाही, जुळवून घेण्याचे यंत्र आहे. मे महिन्यातल्या दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स इतका उजेड असतो. लक्स म्हणजे ढोबळ मानाने एका मेणबत्तीचा एक मीटर अंतरावर पडणारा उजेड. रात्री दिवा लावलेल्या आपल्या बैठकीच्या खोलीत शे-दोनशे लक्स असतात. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही नसतो, पाव लक्सच्या आसपास असतो. तरी या तिन्ही ठिकाणी आपण चालतो-फिरतो. बाहेरून घरात आलो तर उजेड पाचशे पटींनी उतरलेला असतो, पण दोन मिनिटांत डोळा स्थिरावतो आणि आपण म्हणतो, “घरात चांगला उजेड आहे.” हा गुण जगण्याला मोलाचा, परंतु मोजण्याला निरुपयोगी.

डोळ्याला एक गोष्ट मात्र उत्तम जमते: दोन उजेड शेजारी ठेवले तर ते सारखे आहेत की नाहीत, हे तो अचूक सांगतो. अठराव्या शतकात फ्रान्समधील पिएर बुगेर याने हेच तत्त्व हाती धरून मेणबत्तीच्या मध्यस्थीने सूर्य व चंद्र यांच्या प्रकाशाची तुलना केली. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन याने ती युक्ती फार सोपी केली. ती कोणालाही घरी करून पाहता येते. पांढऱ्या जाड कागदाच्या मध्यभागी गोड्या तेलाचा एक थेंब टाकून डाग पाडावा. कागद दोन दिव्यांच्या मध्ये उभा धरावा. ज्या बाजूला उजेड अधिक, त्या बाजूने डाग काळसर दिसतो. उलट बाजूने तो उजळ दिसतो. कागद पुढेमागे सरकवीत गेलो की एका जागी डाग जवळजवळ नाहीसा होतो. तेथे दोन्ही बाजूंचा उजेड सारखा. एक दिवा त्या जागेपासून एक हात आणि दुसरा दोन हात दूर असेल, तर दुसरा दिवा चौपट तेजस्वी समजावा. कारण लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग एकदा तरी दाखवावा, असे आम्हाला वाटते.

नंतरच्या काळात सेलेनियमच्या पट्टीवर उजेड पडला की वीज निर्माण होते, या गुणाचा उपयोग करून छायाचित्रकारांची मापके निघाली. गावातील जुन्या फोटो स्टुडिओंत अशी काटा हलणारी मापके वाचकांपैकी काहींनी पाहिली असतील. आज सेलेनियमची जागा सिलिकॉनने घेतली असून मोबाईलमध्येही एक लहानसा प्रकाशग्राहक असतोच.

तेव्हा लक्सचे मापक घ्यावे आणि टाकीवर धरावे, एवढ्याने भागेल काय? भागत नाही; आणि का भागत नाही, हे या विषयाचे मर्म आहे. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी तयार केलेले आहे. आपला डोळा पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत अधिक मान देतो, निळ्या व तांबड्याला फार कमी. म्हणून लक्सच्या हिशेबात हिरव्याचे वजन मोठे आणि निळ्याचे क्षुल्लक. शैवालाची आवड मात्र वेगळी. पोवळ्यातील शैवाल निळा प्रकाश मोठ्या आवडीने शोषून घेते. हे साहजिकच आहे, कारण समुद्रात खोलवर पोचतो तो निळाच. पाणी तांबडा प्रकाश गिळून टाकते. दहा मीटर खाली गेले की तांबड्याचा अगदी थोडा अंश उरतो. समुद्राची निळाई हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, पाण्याचाही त्यात वाटा आहे, हे 1921 साली बोटीने युरोपातून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लहानशा उपकरणांनी तपासून पाहिले, आणि मुंबई बंदरातूनच त्याविषयीचे टिपण धाडले, हे येथे आठवते.

वनस्पतीसाठी म्हणून निराळे माप लागते. प्रकाश हा कणाकणांनी येतो आणि हिरव्या पानातली रासायनिक क्रिया कणांच्या संख्येवर चालते. म्हणून 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या लहरींतील प्रकाशकण दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतात, ते मोजावयाचे. संख्या अफाट होते म्हणून मायक्रोमोल हे एकक घेतात. एक मायक्रोमोल म्हणजे सहा या आकड्यावर सतरा शून्ये दिल्यावर होतील इतके कण. या मापाला जगभर ‘पार’ म्हणतात. अमेरिकेत कीथ मॅक्री यांनी 22 पिकांच्या पानांवर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश पाडून जे निष्कर्ष 1972 साली प्रसिद्ध केले, त्यांच्या आधारावर हे माप रूढ झाले. भर दुपारी आपल्या कापसाच्या शेतावर सुमारे दोन हजार पार इतके ऊन पडते. टाकीतल्या पोवळ्यांना यातला लहान भागच पुरतो. मऊ पोवळ्यांना साधारणपणे 50 ते 150, आणि फांद्यांच्या कठीण पोवळ्यांना 200 ते 350, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

दोन मापांतील फरक आकड्यांनीच पाहू. सूर्यप्रकाशात एका मायक्रोमोलला सुमारे 54 लक्स भरतात. म्हणजे 200 पारचे ऊन लक्सच्या यंत्रावर 10,800 दाखवील. पण हेच 200 पार 450 नॅनोमीटरच्या शुद्ध निळ्या एल.ई.डी. दिव्यातून आले, तर हिशेबाप्रमाणे लक्सचा आकडा 1,400 च्या आसपासच येतो. पोवळ्याला खाद्य तेवढेच, पण डोळ्याच्या मापाला ते सातव्या हिश्शाहून कमी दिसले! आता समजा, पाळणारा म्हणतो, “टाकी अंधारी दिसते, दिवा वाढवू या,” आणि ती डोळ्यांना झगझगीत दिसेपर्यंत निळा दिवा वाढवीत नेतो. पोवळ्यांवर मेच्या दुपारचे ऊन पडते आणि आठ-पंधरा दिवसांत ती पांढरी पडतात. दोष पोवळ्याचा नाही, पाण्याचा नाही. माप चुकीचे घेतले एवढाच.

यासाठी पार मापक वापरावे. ते महाग असते, म्हणून चार-सहा हौशी मंडळींनी मिळून एक घेणे शहाणपणाचे. मोजण्याची रीत अशी. मापकाचा ग्राहक एका काठीला बांधावा, म्हणजे हाताची सावली पडत नाही. त्याचे तोंड सरळ वर असावे. तिरपे धरले की आकडा उतरतो. पाण्याचे पंप नेहमीप्रमाणे चालू असू द्यावेत. लाटांमुळे उजेड नाचतो, तेव्हा एकाच क्षणाचा आकडा न घेता पंधरा-वीस सेकंदांची सरासरी घ्यावी. हवेसाठी जुळविलेला ग्राहक पाण्यात बुडविला की थोडा कमी आकडा दाखवितो. मापकासोबतच्या पत्रकात त्यासाठी गुणक दिलेला असतो, त्याने गुणावे.

एकाच जागी मोजून मात्र समाधान मानू नये. टाकीच्या लांबीत पाच जागा ठरवाव्यात आणि प्रत्येक जागी वर, मध्ये व तळाशी असे तीन वेळा मोजावे. पंधरा आकडे होतील. ते कागदावर टाकीची आकृती काढून जागच्या जागी लिहावेत. जणू टाकीच्या उन्हाचा सातबाराच तयार झाला. कोणत्या तुकड्याला कोणती जागा द्यावयाची हे मग अंदाजाने ठरत नाही. दिव्याखाली मध्यभागी आणि कोपऱ्यात तिपटीचा फरक आढळला तरी आश्चर्य वाटू नये. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने उतरतो असे वर म्हटले खरे. परंतु टाकीच्या काचा आतून उजेड परत फेकतात आणि दिव्यांची पट्टीही लांब असते, त्यामुळे तो नियम येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणूनच मोजणे आवश्यक.

दिवसभराचा हिशेबही ठेवावा. 200 पार दहा तास दिले तर 36,000 सेकंदांत 72 लाख मायक्रोमोल, म्हणजे 7.2 मोल होतात. कमी तेजाचा दिवा अधिक वेळ लावून तीच बेरीज साधता येते, आणि नाजूक पोवळ्यांना तेच मानवते. नवा तुकडा आणला की त्याला प्रथम कमी उन्हात ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वर चढवावे. काचेवर मिठाची पुटे चढतात, दिवे म्हातारे होतात. म्हणून दर महिन्याला दोन-तीन ठरलेल्या जागी पुन्हा मोजून पाहावे. पार मापक मिळालेच नाही तर लक्सचे यंत्रही अगदी टाकाऊ नव्हे. दिवा तोच असेल, रंग तोच असेल, तर कालच्यापेक्षा आज किती कमी झाले, कोपऱ्यात मध्यापेक्षा किती कमी, हे प्रमाण ते बरोबर सांगते. फक्त त्याचा आकडा दुसऱ्या रंगाच्या दिव्याशी ताडू नये.

पुस्तकातला आकडा तसाच घेणे का धोक्याचे, हे आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरूनच कळते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, मालवणच्या उथळ समुद्रात पोवळी आहेत. तेथे 1987 साली सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर कान्होजी आंग्रे यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे. तेथील पोवळी सुमारे वीस मीटर व त्याहून खोल पाण्यात आहेत. कोणाला वाटेल की वीस मीटर खालच्या पोवळ्यांना ऊन फारच कमी. पण हिशेब करून पाहा. स्वच्छ पाणी दर मीटरला सात टक्के प्रकाश खाते असे धरले, तर वीस मीटरवर सुमारे 23 टक्के उरतो. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्याने दर मीटरला 40 टक्के खाल्ला, तर चारच मीटरवर 13 टक्के उरतो. उथळातले पोवळे अधिक अंधारात असू शकते ते असे! खोली हे उन्हाचे माप नव्हे.

पाण्याची ही पारदर्शकता मोजण्याची युक्ती इटलीतील अँजेलो सेक्की यांनी 1865 साली वापरली. पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडावयाची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवावयाची, इतकेच. निळोणा, चापडोह किंवा बेंबळा येथील जलाशयांवर, योग्य परवानगी घेऊन आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली, एखाद्या शाळेने उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर अशी नोंद ठेवली, तर आपण पितो त्या पाण्याविषयी बरेच काही कळेल. त्याला खर्च जेवणाच्या थाळीचा आणि दोरीचा.

आता थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. भारताच्या समुद्रातील प्रवाळ 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसविले आहे. मालवणला सहलीस जाऊन पोवळ्याचा तुकडा मोडून आणणे, किंवा कोणी आणलेला विकत घेणे, हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. परदेशी पोवळ्यांच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. कायदेशीर कागदपत्रे पाहिल्यावाचून असा तुकडा घरात आणू नये. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करावा. बाहेर पारा बेचाळीसच्या वर, आणि टाकीतले पाणी मात्र पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास राखावयाचे. त्यात वीज गेली तर काय, याची सोय आधी हवी. ती नसेल तर एका जिवाला मरणासाठी घरात आणल्यासारखे होते.

म्हणून आमची सूचना अशी की ज्याला ही विद्या शिकावयाची आहे त्याने गोड्या पाण्याच्या टाकीपासून आरंभ करावा. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला यांसारख्या आपल्याच तळ्यांतील पाणवनस्पती लावाव्यात. मापक तेच, रीत तीच, पंधरा आकड्यांचा नकाशा तोच. चुकले तर चार पाने पिवळी पडतील, एवढेच. वर्षभर आकडे नियमाने लिहिणाऱ्याच्या हाताला वळण लागते, आणि तोच पुढे पोवळ्यांची जबाबदारी घ्यावयास लायक ठरतो.

ही दृष्टी एकदा आली की ती टाकीपुरती राहत नाही. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर उजेड पुरेसा आहे काय, हे लक्सने मोजावे, कारण तेथे डोळ्याचा प्रश्न आहे. रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली मिरचीच्या रोपांना किती ऊन मिळते, हे पारने मोजावे, कारण तेथे पानाचा प्रश्न आहे. ज्याच्यासाठी मोजावयाचे त्याच्याच गरजेचे माप हाती घ्यावे. “मला तर चांगले दिसते आहे,” हे वाक्य माणसाच्या बाबतीत खरे असेल. पोवळ्याच्या आणि पऱ्हाटीच्या वतीने ते बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही.